‘सुके बोंबील’मधला ‘सुका’ आणि आदिस्लाविक ‘*सूख़ु’

प्रश्न (दादर): रशियन ‘सुख़ोय’ म्हणजे सुका. मग आपला ‘क’ आणि त्यांचा ‘ख़’ एकच का?

उत्तर १: नाही, इथेच बहुतेक जण फसतात. धातू एक, घडण वेगळी. शुष्क > सुक्क > सुका यातला ‘क’ प्रत्ययाचा आहे. स्लाविकमध्ये (रशियन ज्या भाषाकुळातली ते) इथे प्रत्ययच नाही. ‘ख़’ हा धातूचा शेवटचा ‘स’. लिथुआनियन ‘साउसस’मध्ये तो शाबूत आहे. स्लाविकमध्ये र, उ, क, इ यांच्यानंतर ‘स’चा ‘ख़’ झाला, ‘आउ’चा ‘ऊ’. संस्कृतात त्याच जागी ‘ष’ येतो. शुष्कमधला पहिला ‘श’ मात्र मूळचा ‘स’च, अवेस्तन (प्राचीन इराणी भाषा) ‘हुश्क’ पाहा.

उत्तर २: आदिस्लाविक, म्हणजे सर्व स्लाविक भाषांची मूळ भाषा, तिच्यातली रूपं (* म्हणजे अनुमानाने मांडलेलं रूप): पु. *सूख़ु, स्त्री. *सूख़ा, नपुं. *सूख़ो. शेवटचा ‘उ’ अतिऱ्हस्व. निश्चित अर्थासाठी मागे सर्वनाम जोडायचं: *सूख़ुयि, *सूख़ाया, *सूख़ोये. रशियन ‘सुख़ोय’ याच रूपातून आलं.

प्रश्न: मग ‘सूशे’?

उत्तर २: ते तुलनादर्शक, ‘अधिक सुकं’. य-काराआधी ख़ > श. पुल्लिंगी प्रथमा अनेकवचनात मात्र दक्षिण आणि पूर्व स्लाविक भाषांत *सूसि, पश्चिम स्लाविकमध्ये *सूशि. हे दोन ‘श’ वेगवेगळ्या काळातले. एकाच नियमात कोंबू नका.