तपासणीची प्रत भाडेकरूच्या हाती हवी

भाड्याचे घर सुरक्षित आहे का, याची ते घेण्यापूर्वी भाडेकरूनेच नीट पाहणी करावी, असे एक मत मांडले जाते; ते मला अपुरे वाटते. भिंतीतील वायरिंग सदोष आहे का, हे नुसत्या डोळ्यांनी कळत नाही. सदोष गॅस उपकरणातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइड या विषारी वायूला तर रंगही नसतो आणि वासही नसतो. इंग्लंडमध्ये १९९८ च्या नियमांनुसार घरमालकाला भाड्याच्या घरातील आपल्या गॅस उपकरणांची दरवर्षी तपासणी करून घ्यावी लागते आणि तिच्या नोंदीची प्रत नव्या भाडेकरूला तो राहायला येण्यापूर्वी, तर आधीपासून राहणाऱ्याला २८ दिवसांत द्यावी लागते. यातील प्रत देण्याची सक्ती मला अधिक मोलाची वाटते, कारण तपासणी टाळली गेली तर ते भाडेकरूला कळते. मात्र तक्रार केल्यास घर सोडावे लागेल ही भीती कायम असेल, तर हा कागदही निरुपयोगी ठरेल. म्हणून तक्रारदाराला घराबाहेर काढण्यास कायद्याने मनाई असायलाच हवी.