पुण्याहून थेट युरोप: आडवं कोण येतंय, धावपट्टी की दिल्ली?

खिडकी १२अ

लेकीला फ्रँकफर्टच्या विमानात बसवायला परवा मुंबईला गेलो. विमान पहाटेचं, म्हणून घरून रात्री नऊलाच निघालो. खालापूरच्या फूड मॉलवर थांबलो तर निम्मी गर्दी आमच्यासारखीच. टपावर बॅगा बांधलेल्या गाड्या, मे महिन्यात स्वेटर घातलेले आजोबा, हातात वडापाव, आणि सगळ्यांच्या तोंडी एकच वाक्य: "लोहगावला मोठं विमान उतरत नाही ना, काय करणार!"

हे वाक्य मी वीस वर्षं ऐकतोय. हल्ली ते पटेनासं झालंय, म्हणून हा धागा.

लोहगावची, म्हणजे पुण्याच्या विमानतळाची, धावपट्टी २,५३५ मीटर. मुंबईची मोठी पट्टी साडेतीन हजारांच्या जवळ जाते, नवी मुंबईची ३,७०० आहे. म्हणजे आपली आखूड, कबूल. पण २००८ साली लुफ्तान्सा या जर्मन कंपनीने याच पट्टीवरून पुणे–फ्रँकफर्ट सुरू केलं होतं आणि ते अनेक वर्षं चाललं. प्रायव्हेटएअर या स्विस कंपनीचं छोटं विमान भाड्याने घेतलेलं असायचं, पण शेपटीवर करकोचा लुफ्तान्साचाच. तेव्हा पट्टी काय लांब होती?

त्यानंतर तर सगळं सुधारलंच. २०२१ च्या ऑक्टोबरात पट्टी चौदा दिवस बंद ठेवून नव्याने केली, डिसेंबरपासून विमानतळ चोवीस तास सुरू झाला, जुलै २०२४ मध्ये नवं टर्मिनल उघडलं. शिवाय आता एअरबसचं ए-३२१ एक्सएलआर आलंय, लहान चणीचं आणि ८,७०० किलोमीटर जाणारं. फ्रँकफर्ट इथून साडेसहा हजारांच्या आसपास.

मग अडतंय कुठे? माझ्या मते कागदावर. परदेशी कंपनीने भारतात कुठल्या शहरात उतरायचं हे दोन सरकारांच्या करारातली यादी ठरवते. २०२२ मध्ये दुबईने आणखी आठ शहरं मागितली होती, त्यात अमृतसर, कोइम्बतूर यांच्याबरोबर पुणंही होतं. दिल्लीने ते दार उघडलं नाही, कारण आपल्या कंपन्यांचं गिऱ्हाईक आखाती कंपन्या पळवतील ही भीती. भीती खोटी नाही म्हणा. पण मग धावपट्टीच्या नावाने रडू तरी नका.

वजनकाटा

असहमत, आणि चांगलाच असहमत. माझी निम्मी नोकरी लोड अँड ट्रिम करण्यात, म्हणजे विमानात किती वजन कुठे ठेवायचं याच्या हिशोबात गेली, म्हणून बोलतो. बाहेरून बघणाऱ्याला पट्टीची लांबी हा एक आकडा दिसतो. आम्हाला त्याच्या शेजारी आणखी दोन दिसतात: उंची आणि तापमान.

लोहगाव समुद्रसपाटीपासून ५९२ मीटर उंच. एप्रिलच्या दुपारी पारा चाळीसला टेकला की हवा इतकी विरळ होते की विमानाच्या लेखी तो विमानतळ साधारण १,६३५ मीटर उंचीवर असतो. कळसूबाईचा माथा १,६४६ मीटर आहे. थोडक्यात, दुपारी तुम्ही लोहगावहून नाही, कळसूबाईवरून उडता. पंखाला धरायला हवा कमी आणि इंजिनाला खायलाही कमी. तेवढीच उचल मिळवायला जास्त वेग लागतो, आणि तो वेग गाठायला जास्त पट्टी.

आणि पट्टी फक्त उडण्यापुरती असून भागत नाही. ऐन वेगात एक इंजिन गेलं तर उरलेल्या पट्टीत थांबता आलं पाहिजे, किंवा उरलेल्या एका इंजिनावर सुखरूप उचलता आलं पाहिजे. हिशोब त्या वाईट दिवसाचा होतो, चांगल्या दिवसाचा नाही. मग वजन उतरवायचं. आधी माल, मग माणसं, नाहीतर इंधन.

तुमच्या त्या फ्रँकफर्टच्या विमानालाही पुण्याहून जाताना काही काळ मध्ये इंधनाला उतरावं लागायचं, हे तुम्ही सोयीस्कर गाळलंत.

एक्सएलआरबद्दल एवढंच सांगतो, पूर्ण भरलं की १०१ टनांचं विमान आहे. पल्ला जाहिरातीत वाचायचा, वजन पट्टीवर बघायचं.

खिडकी १२अ

गाळलं नाही, विसरलो. पण युरोपची विमानं रात्री दोन-अडीचला सुटतात, एप्रिलच्या दुपारी नाही. तुमचं कळसूबाई रात्री किती उरतं?

वजनकाटा

पंचवीस अंश धरले तर अकराशे मीटरच्या आत. म्हणजे सिंहगडाच्याही खाली. मुद्दा बरोबर आहे तुमचा, रात्री बरंच वजन परत मिळतं. सगळं मिळत नाही. हिवाळ्यात पश्चिमेकडे जाताना समोरचा वारा असतो, त्याचं इंधन धरावंच लागतं. आणि भारतीय कंपनी असेल तर एप्रिल २०२५ मध्ये पाकिस्तानने हवाई हद्द बंद केल्यापासून वळसाही धरायचा. पुण्याला तो दिल्लीइतका जाचत नाही, आपण तसेही अरबी समुद्रावरूनच निघणार.

मी अशक्य म्हणत नाही. पण पाच-पंचवीस सीट रिकाम्या ठेवून रोज उडायला कुठली कंपनी तयार होईल?

तिकीटबाई

मी गेली बरीच वर्षं कर्वे रस्त्याला तिकिटं काढून देते. दोन्ही काकांना नमस्कार, पण दोघेही गिऱ्हाइकाला विसरलात.

१२अ काका, तुमचंच उदाहरण तुमच्या अंगावर येतंय. लुफ्तान्साला पुण्याचा परवाना होता म्हणूनच ती उतरली ना? मग जर्मनीच्या बाबतीत दिल्ली आडवी आली असं कसं म्हणता? दुबईचं गाऱ्हाणं वेगळं, फ्रँकफर्टचं वेगळं. एका कुलपाची किल्ली दुसऱ्याला लावताय.

आता ते विमान का चालत होतं ते मी काउंटरवरून बघितलंय. चाकणच्या जर्मन कंपन्या. फोक्सवॅगनचा कारखाना २००९ चा, मर्सिडीजही त्याच सुमारास चाकणला गेली. साहेब लोक सोमवारी मीटिंगला निघायचे, तिकीट कंपनीच्या खात्यातून, भाव कुणी विचारत नसे. विमानाचा पुढचा, महागड्या सीटांचा भाग त्यांनी चालवला. मागचा भाग आपण चालवायचा होता आणि आपण काय केलं? "मुंबईहून किती पडेल हो?" हा प्रश्न मला दिवसातून दहा वेळा येतो. चार हजारांचा फरक सांगितला की गिऱ्हाईक लगेच म्हणतं, मग मुंबईच करा. टॅक्सी, टोल, रात्रीचं जागरण, घाटातला ट्रॅफिक यातलं काहीच त्याच्या बेरजेत नसतं. पुणेरी काटकसर सगळीकडे चालते, हिशोबाच्या वहीत तेवढी चालत नाही.

खिडकी १२अ

जर्मनीचा मुद्दा मान्य. तिथे मी चुकलो. दुबईबाबत ठाम आहे.

अंजीरवाला

मी या गप्पा नेहमी नुसत्या वाचतो. आज लिहितो.

तुम्ही म्हणता पट्टीचं रडगाणं खोटं आहे. मग आम्हाला नऊ-दहा वर्षं कशासाठी टांगून ठेवलंय? २०१६ पासून पुरंदरला नवं विमानतळ करायचं चाललंय. पारगाव, वनपुरी, कुंभारवळण, एखतपूर, मुंजवडी, खानवडी, उदाचीवाडी. सात गावं. आधी २,८०० हेक्टरांच्या वर म्हणाले, आता तेराशेच्या आत आणलंय म्हणतात. ड्रोनने मोजायला आले तेव्हा गावात काय झालं ते पेपरात आलंय, परत सांगत नाही.

जमीन पडीक असती तर गोष्ट वेगळी. आमच्या अंजिराला भौगोलिक मानांकन आहे. खट्टा आणि मीठा असे दोन बहार धरतो आम्ही. झाड लावून फळ हाती लागेपर्यंत काही वर्षं जातात, आणि दहा वर्षं "जाणार, जाणार" म्हटल्यावर नवं झाड कोण लावील? विहिरीला कर्ज मागायला गेलं तर बँकवाला नकाशा बघतो. विमानतळ झालं नाही तरी आमचं नुकसान होऊन गेलंय.

तेव्हा हौसेने बोलणाऱ्यांनी एकदा ठरवा. लोहगाव पुरतं की नाही?

सुखोईचा शेजारी

टिंगरेनगरला राहतो. सकाळी सुखोईची जोडी उठली की कुकरच्या शिट्ट्या मोजता येत नाहीत, भात अंदाजाने उतरवावा लागतो. तक्रार नाही, घर घेताना डोळे उघडे होते.

अंजीरवाले भाऊ, तुमचा राग समजतो, पण उत्तर अप्रिय आहे. लोहगाव पुरत नाही, आणि युरोपचा त्याच्याशी काडीचा संबंध नाही. लोहगाव हा हवाई दलाचा तळ आहे. आपण तिथे बिऱ्हाडकरू, मालक नाही. पट्टी एकच. २०२१ ला ती चौदा दिवस बंद होती तेव्हा एवढ्या मोठ्या शहराला विमानच नव्हतं. त्याआधी वर्षभर रात्री आठ ते सकाळी आठ बंद. उद्या एखाद्या लढाऊ विमानाचं चाक पट्टीवर फुटलं तर तेवढा वेळ सगळी विमानं एकतर आकाशात घिरट्या घालणार नाहीतर मुंबईला वळणार. दलाचा सराव असला की वेळा त्यांच्या, आणि तसंच असायला हवं. उद्योग-कारखान्यांचं शहर बिऱ्हाडकरूच्या भरवशावर किती दिवस ठेवणार?

अंजीरवाला

मग बिऱ्हाड तुमचं, आणि घर सोडायचं आम्ही. बरं जमलंय.

सुखोईचा शेजारी

टोला लागला. पण पर्याय सांगा. चाकण, राजगुरुनगर सगळीकडे शोधून झालं. जिथे गेले तिथे शेतकरी होतेच.

पनवेलमार्गे

पर्याय मी सांगते, म्हणजे तो झालेलाच आहे. नवी मुंबई. उद्घाटन ऑक्टोबर २०२५ मध्ये झालं, डिसेंबरात विमानं सुरू झाली. किवळ्याला द्रुतगती मार्गाला लागायचं, कळंबोलीला उतरायचं, ९४ किलोमीटर संपले की विमानतळ जवळच. मुंबईला जाताना जीव कुठे जातो? घाटात थोडा, आणि उरलेला सगळा वाशीच्या पुलापासून अंधेरीपर्यंत. तो दुसरा भाग आता नाहीच. मिसिंग लिंकने, म्हणजे घाट टाळणाऱ्या नव्या रस्त्याने, घाटाचेही सहा किलोमीटर वाचतात.

मी बाणेरला राहते. माझ्या घरून दिवे घाट चढून पुरंदरला जायचं की सरळ पनवेलला? पालखीच्या दिवसांत तर दिवे घाटात गाडी नेऊनच दाखवा. हडपसरवाल्याला पुरंदर जवळ, मान्य. पण पैसेवाला आयटीचा प्रवासी हिंजवडी-बाणेरकडे बसलाय, आणि विमान कंपन्या तोच मोजतात.

सासूबाई गुडघ्याच्या दुखण्यामुळे जास्त चालू शकत नाहीत. मला थेट युरोप नको, घरापासून व्हीलचेअरपर्यंतचा प्रवास सोपा हवाय. बाकी तुमचं १०१ टन वगैरे चालू द्या.

सुखोईचा शेजारी

पावसाळ्यात घाटात दरड आली की तुमचं "सरळ पनवेल" कुठे जातं ते बघू. आणि दिल्लीला सकाळी जाऊन रात्री परत येणारा माणूस पनवेलला जाईल? त्याच्यासाठी पुण्यातच जागा वाढवायला हवी.

पनवेलमार्गे

दिल्लीवाल्यासाठी लोहगाव आहे ना! लांबचे पनवेलला गेले की लोहगाव आपोआप मोकळं होईल.

वजनकाटा

होणार नाही. लांबची विमानं लोहगावला मुळात मूठभरच. गर्दी दिल्ली, बंगळुरूची आहे. नसलेली विमानं हलवून जागा कशी होईल?

बाकी एक विचारायचं राहिलं. पट्टी वाढवायची चर्चा इतकी वर्षं चालू आहे. तीन हजार मीटर झाली तर माझे निम्मे आक्षेप मीच मागे घेईन. त्याला लागणारी जमीन पुरंदरच्या मानाने चिमूटभर. मग आधी ते का नाही करत? १२अ, दिल्लीला शिव्या द्यायच्याच असतील तर याच्यासाठी द्या, मीही येतो.

खिडकी १२अ

हे बोललात! यावर माझं-तुमचं जमलं. पट्टी तीन हजार करा, दुबईला पुणं द्या, आणि पाच वर्षं बघा. त्यानंतरही पुरत नसेल तर पुरंदरचं बोला.

जुना वाचक

१२अ साहेब, २०१६ ला पुरंदरची घोषणा झाली तेव्हा "आता पुणं खऱ्या अर्थाने जगाच्या नकाशावर" असं लिहून पेढे वाटणारे आपणच ना?

खिडकी १२अ

होतो. तेव्हा अंजीरवाल्यांसारखं कुणी बोललं नव्हतं. किंवा बोलले असतील, मी ऐकलं नसेल.

अंजीरवाला

बोललो होतो. पाच वर्षं बघा म्हणता. त्या पाच वर्षांत आम्ही झाडं लावायची की नाही, एवढंच सांगा.

तिकीटबाई

यावर कुणी काही लिहीत नाहीये, म्हणून मी दुसरंच विचारते. १२अ काका, पुण्याहून दिल्लीमार्गे फ्रँकफर्ट एकाच तिकिटावर होतं. बॅग लोहगावला द्यायची, ती थेट तिकडे मिळते. तुमच्या घरापासून लोहगाव तासाभरावर. तरी लेकीला रात्री नऊला गाडीत घालून मुंबईला नेलंत. फरक कितीचा होता?

खिडकी १२अ

तीन हजार दोनशे.

टॅक्सीचं विचारू नका.