घरात रेंज नाही, बूस्टर घ्यावा का?

मंडळी, मदत हवी आहे. घर रावेर तालुक्यात, सातपुड्याच्या पायथ्याला. मागची खोली अजून धाब्याची, हातभर जाड मातीच्या भिंती. पुढे स्लॅब आणि त्यावर पत्र्याचं शेड. ओट्यावर दोन कांड्या दिसतात, उंबरा ओलांडला की 'नो सर्व्हिस'.

माल कापणीवर आला की सकाळीच फोन सुरू होतात. बऱ्हाणपूरचा भाव काय निघाला, गाडी कधी लागणार, मजूर किती. तेवढ्यात मी आत असलो तर व्यापारी दुसऱ्याच्या बांधावर गेलेला असतो. मे महिन्यात गच्चीवर उभं राहून बोलणं म्हणजे काय, ते आपल्याकडच्यांना सांगायला नको. आईने तर मोबाईल पिशवीत घालून खिडकीच्या गजाला टांगलाय. ओटीपी तिथेच येतो.

कंपनीकडे तक्रार केली. 'सेवा सुरळीत आहे' असा मेसेज आला आणि तक्रार बंद.

आता भुसावळला एक दुकानदार बूस्टर, म्हणजे रेंज वाढवायचं यंत्र, देतोय. वर अँटेना, आत डबा. घेऊ का? फोनच्या सिम स्टेटसमध्ये रेंजचा आकडा (डीबीएम; उणे आकडा जितका मोठा, तितकी रेंज कमी) खिडकीत उणे १०४ दिसतो, मागच्या खोलीत उणे ११९.

केळीवाला: भो, त्या डब्याच्या नादी लागू नका. परवान्याशिवाय असलं यंत्र बाळगायला १९३३च्या वायरलेस कायद्यापासून बंदी आहे. वर ते टॉवरकडे गोंगाट पाठवतं, म्हणजे गावाचीही रेंज बिघडते. उणे ११९ म्हणजे फोन जेमतेम तग धरून आहे. मात्र खिडकीत १०४ आहे, म्हणजे टॉवर पोचतोय, अडवतायत भिंती आणि पत्रा. गावात केबलवाल्याचं फायबर आलंय का? असेल तर राउटर बसवा आणि सेटिंगमध्ये 'वायफाय कॉलिंग' चालू करा. त्याच नंबरवरून फोन येतो-जातो, सहसा वेगळे पैसे लागत नाहीत. फोनमध्ये ती सोय आहे का, तेवढं आधी बघा.

तापीकाठ: फायबर नसेल तर आधी शेजाऱ्यांचे वेगवेगळ्या कंपन्यांचे फोन मागच्या खोलीत नेऊन बघा. कमी फ्रिक्वेन्सीवर, म्हणजे ७००, ८५० किंवा ९०० मेगाहर्ट्झवर चालणारी सेवा भिंतीतून बरी शिरते, २३०० वाली लवकर अडते. जी चालेल तिच्यात पोर्ट करा, १९०० वर मेसेज टाकून. आणि फाइव्ह-जी फोन असेल तर नेटवर्क फोर-जीवर ठेवा. कमी रेंजमध्ये तो सारखा इकडून तिकडे उड्या मारतो, बॅटरीही खातो.

धागाकर्ता: फायबर गल्लीच्या तोंडापर्यंत आलंय, उद्याच विचारतो. पण लाईट गेली की राउटर बंद, आणि आमच्याकडे लाईटचा काही भरवसा नाही. तेव्हा काय?

केळीवाला: राउटरसाठी बारा व्होल्टचा छोटा यूपीएस मिळतो. घेताना राउटरच्या अडॅप्टरवरचा व्होल्ट-अँपिअर बघून घ्या, काही राउटर नऊ व्होल्टचे असतात. फायबरवाल्याचा खांबावरचा डबा लाईट गेल्यावर चालू राहतो का, हेही त्याला आधीच विचारा, नाहीतर तुमचा यूपीएस नुसताच दिवे लुकलुकवत बसेल.