लँकेस्टरमधून वैमानिकच शेवटी का?

दांडियाबाजारकर:
बडोद्यात आमच्या वाचनालयात दुसऱ्या महायुद्धातल्या बॉम्बर दलांवर छोटं प्रदर्शन लावतोय. लँकेस्टर या चार इंजिनांच्या ब्रिटिश बॉम्बर विमानातून कप्तान, म्हणजे वैमानिक, सगळ्यांत शेवटी उडी मारायचा, असं सगळीकडे वाचतो. पण ऑटोपायलट होता ना? मग त्याला आधी निघता का येत नव्हतं? शिवाय बडोदा स्क्वाड्रनचा फलक यात लावावा का?

चक्रधर:
ऑटोपायलट धडधाकट विमान सांभाळतो. एका बाजूची इंजिनं गेली की विमान त्याच बाजूला ओढलं जातं, विरुद्ध बाजूचा रडर (शेपटीवरचं सुकाणू) पायाने दाबूनच धरावा लागतो. पाय काढला की विमान गिरक्या घेत खाली येतं, आणि त्या जोराने माणसं जागीच खिळतात. दार हातभर अंतरावर असून उपयोग नसतो.

त्यात उडी मारायची पुढची झडप विमानाच्या नाकाच्या तळाला, बॉम्ब टाकणाऱ्याच्या गादीखाली, जेमतेम २२ इंच रुंद. जाड कपडे, छातीवर पॅराशूट, आणि तिथून एकामागून एक चौघं जायचे. हॅलिफॅक्स या दुसऱ्या ब्रिटिश बॉम्बरची झडप २ इंचांनी रुंद होती. पाडलेल्या हॅलिफॅक्समधले साधारण २५ टक्के वाचत, लँकेस्टरमधले १५ टक्क्यांच्या आसपास.

लेस्ली मॅन्सर या वैमानिकाचा फलक जरूर लावा. ३० मे १९४२च्या रात्री जर्मनीतल्या कोलोनवर हल्ला, विमान दोन इंजिनांचं मँचेस्टर. डावं इंजिन पेटून बंद पडलं. उरलेल्या एकावर उंची टिकेना. सहकाऱ्याने पॅराशूट पुढे केलं, ते त्याने नाकारलं आणि उडी मारायला सांगितलं. बाकीचे सहाही वाचले. तो २० वर्षांचा होता.

फतेगंज:
मागच्या तोफवाल्याची कोंडी वेगळीच. त्याचं पॅराशूट टरेटच्या, म्हणजे तोफेच्या फिरत्या घुमटाच्या, बाहेर ठेवलेलं असे. टरेट फिरवणारं हायड्रॉलिक्स (तेलाच्या दाबाची यंत्रणा) डाव्या बाहेरच्या इंजिनावर चाले. टरेट वळलेलं असताना ते बंद पडलं, तर त्याचं दार विमानाच्या पोकळीसमोर येतच नाही. मग हाताने फिरवायचं.

१२-१३ जून १९४४च्या रात्री, फ्रान्समधल्या कांब्रेच्या मोहिमेत, लँकेस्टरचा मागचा तोफवाला पॅट ब्रॉफी असाच अडकला. हाताने फिरवायची यंत्रणाही तुटली. त्याच विमानातला अँड्र्यू मिनार्स्की स्वतः उडी मारायच्या बेतात होता. तो आगीतून मागे आला, टरेट हलवायला झटला. ब्रॉफीने त्याला जायची खूण केली. पेटलेल्या कपड्यांनिशी त्याने सलाम ठोकला आणि उडी मारली. भाजल्यामुळे तो गेला. ब्रॉफी मात्र विमान कोसळूनही जगला, म्हणून तर हे सगळं कळलं.

चक्रधर:
बडोदा स्क्वाड्रन म्हणजे ब्रिटिश हवाई दलाचं १२४ क्रमांकाचं, स्पिटफायरवालं. लढाऊ विमानांचं, तेव्हा इथे नको. त्यापेक्षा पुठ्ठ्यात २२ × २६.५ इंचांचं भोक कापून जमिनीलगत उभं करा. जाड जॅकेट घालून, छातीवर दप्तर बांधून मुलांना त्यातून जाऊ द्या.