'हिमकडा कोसळला' की 'हिमस्खलन झालं'?

प्रश्न : आम्ही नाशिकचे सहा जण जानेवारीत उत्तराखंडात ट्रेकला निघालोय. बातम्यांत एकाच घटनेला कुठे 'हिमस्खलन', कुठे 'हिमप्रपात', तर कुठे 'हिमकडा कोसळला' असं वाचते. हे सगळं एकच का? आपला 'दरड' शब्द चालणार नाही का?

उत्तर : ताई, एकच नाही. आणि हा फरक तुम्ही निघायच्या आधी समजून घ्यावा असं मला मनापासून वाटतं.

आपण सह्याद्रीत वाढलेलो. कसारा घाटात दरड कोसळते, कड्याखालून जाताना नजर आपोआप वर जाते, वरच्याने 'दगड!' अशी आरोळी दिली की आपण भिंतीला चिकटतो. 'हिमकडा कोसळला' म्हटलं की मनात तेच चित्र येतं. पण ट्रेकर ज्यात सापडतात ते हिमस्खलन बहुतेक वेळा त्यांच्याच किंवा सोबत्याच्या वजनाने सुरू होतं. पायाखालची बर्फाची लादी सुटते. 'स्खलन' म्हणजे मुळात घसरणं, ढळणं, म्हणून हा शब्द नेमका आहे.

लादी का, तर साचलेला बर्फ हा एक थर नसतो, ती एकावर एक ठेवलेल्या भाकऱ्यांची चळत असते. दर बर्फवृष्टीची एक भाकरी. त्यातली एखादी कच्ची राहते. ती कशी, हे निफाडच्या द्राक्षबागायतदाराला पटकन कळेल. निरभ्र, पडलेल्या वाऱ्याची रात्र, पारा खाली, आणि पहाटे पानांवर गोठलेलं दव. बर्फाच्या पृष्ठभागावरही अशाच रात्री पिसांसारखे नाजूक स्फटिक उगवतात. त्यावर नवा बर्फ पडला की ते दडपले जातात, पण वरच्या-खालच्या थराला सांधत नाहीत. मग ३० ते ४५ अंशांच्या उतारावर वरची लादी नुसती टेकलेली असते. चालताना 'धप्प' असा दबका आवाज आला किंवा पावलापासून भेग पळत गेली, तर तो उतार सोडून मागे फिरायचं.

'आडोसा' या शब्दापासूनही जपा. आपल्याला आडोसा म्हणजे सुरक्षित जागा. तिथे मात्र वारा एका बाजूचा बर्फ उचलून डोंगराच्या आडोशाच्या बाजूला रचतो, आणि धोका तिथेच वाढतो.

बाकीचे शब्द थोडक्यात. हिमप्रपात म्हणजे उतारावर तुकडे तुकडे होऊन उतरणारी हिमनदी, एव्हरेस्टच्या वाटेवरचा खुंबू तसा. हिमकडा म्हणजे बर्फाचा उभा कडा, आणि तो खरंच कोसळतो. ७ फेब्रुवारी २०२१ ला चमोलीत रोंती शिखरावरून खडक आणि बर्फ मिळून खाली आले. तिथे 'कोसळला' बरोबरच होतं, 'दरड'सुद्धा चाललं असतं.

दुसरं मत : 'सुटणे' पटलं. पण अंजनेरी-ब्रह्मगिरीकडे आपण सुट्या दगडमातीच्या उताराला 'घसारा' म्हणतोच की. मग हिमघसारा का नको?

उत्तर : चांगला शब्द आहे, पण एका प्रकारापुरता. भुसभुशीत सुटा बर्फ एका बिंदूपासून निघतो आणि खाली पसरत जातो, त्याला हिमघसारा शोभेल. लादी रुंद भेग पाडून एकदम सुटते. तिला घसारा म्हटलं तर माणूस 'जरा जपून पाय टाकू' म्हणेल, आणि तिथे जपून पाय टाकणं पुरत नाही. मुळात त्या उतारावर जायचंच नसतं. गाडला गेलेला माणूस जिवंत निघण्याची आशा पहिल्या पंधरा मिनिटांनंतर झपाट्याने घटते. एवढ्या वेळात सोबतीच पोचू शकतात, बाहेरची मदत नाही.

ताई, गाइडला 'बर्फ किती पडलाय' एवढंच विचारू नका. शेवटचा कधी पडला, नंतर वारा कुठून होता, आणि खालची भाकरी पक्की आहे का, हे विचारा.