सर्वांत कमी दराचा नियम सोडल्याने सरकारी खरेदी सुधारेल का?

धरमपेठकर (धागाकर्ता)

रस्ता असो, शाळेची इमारत असो वा पाण्याची टाकी, आपल्याकडील निविदेचा निकाल शेवटी एकाच प्रश्नावर लागतो: तांत्रिक लिफाफ्यात (दराच्या लिफाफ्याआधी तपासल्या जाणाऱ्या पात्रतेच्या कागदांत) पात्र ठरलेल्यांपैकी सर्वांत कमी दर कोणाचा? माझे स्पष्ट मत आहे की कामांच्या निविदांपुरता तरी हा नियम आता सोडला पाहिजे. मी स्थापत्य अभियंता आहे आणि अंदाजपत्रके तयार करण्यात माझी बरीच वर्षे गेली आहेत. अंदाजपत्रकापेक्षा पंचवीस-तीस टक्के बिलो, म्हणजे कमी, दराने काम घेणारा कंत्राटदार सिमेंट, गज आणि मजूर बाजारभावानेच घेतो. मग तूट भरून निघते ती काँक्रीटच्या जाडीतून, पाणी मारण्याच्या दिवसांतून किंवा नंतर मंजूर करून घेतलेल्या जादा बाबींतून. फार बिलो दर आल्यास राज्यात अतिरिक्त सुरक्षा ठेव घेतली जाते, पण ठेवीमुळे काँक्रीटची जाडी वाढत नाही.

केंद्रीय वित्त मंत्रालयाने ऑक्टोबर २०२१ मध्ये यावर मार्ग काढला. सक्षम प्राधिकाऱ्याने एखादे काम गुणवत्ताप्रधान म्हणून जाहीर केल्यास त्यात दराखेरीज इतर निकषांना कमाल ३० टक्के भारांक, म्हणजे एकूण गुणांत तेवढा वाटा, देता येतो. राज्य शासन, महानगरपालिका आणि जिल्हा परिषदांनी नागपुरापासून याची सुरुवात करावी, असे मला वाटते.

निवृत्त लेखाधिकारी

आपल्या अनुभवाबद्दल आदर आहे, परंतु उपायाशी मी सहमत नाही. सर्वांत कमी दराचा नियम उणा आहे हे मान्य केले, तरी त्याचा एक गुण आहे: निकाल कसा लागला हे शेवटच्या रांगेतील निविदाकारालाही पडताळता येते. गुण देण्याची पद्धत आली की "कार्यपद्धतीचे सादरीकरण" या शीर्षकाखाली एका निविदाकाराला २८ आणि दुसऱ्याला १९ गुण का मिळाले, हे लेखापरीक्षणात कोणत्या कागदावरून तपासायचे? ज्या कार्यालयात पात्रतेच्या अटीच एखाद्याला डोळ्यांसमोर ठेवून लिहिल्या जातात आणि शुद्धिपत्रक काढून शेवटच्या आठवड्यात बदलल्या जातात, तेथे हे ३० टक्के कोणाच्या हाती जातील, याचा विचार व्हावा.

शेजारच्या बांगलादेशचे उदाहरण घ्या. फार कमी दराच्या निविदा रोखण्यासाठी तेथे २०१६ मध्ये कायद्यात दुरुस्ती झाली आणि कामांच्या खुल्या निविदांत अंदाजपत्रकापेक्षा दहा टक्क्यांहून अधिक खाली किंवा वर गेलेला दर बाद ठरू लागला. हेतू आपण मांडला तोच होता. घडले असे की अंदाजपत्रकाचा आकडा हाती आलेले सर्व जण नेमका दहा टक्के खालचा दर भरू लागले, दरांची बरोबरी होऊ लागली आणि निकाल पूर्वीच्या कामांच्या गुणांवर गेला. ज्यांच्याकडे आधीच कामे होती त्यांनाच पुढची कामे मिळत राहिली. अखेर २०२५ मध्ये ही मर्यादा काढून टाकावी लागली.

माझ्या मते दोष निवडीच्या नियमात कमी आणि कार्यादेशानंतरच्या (कंत्राटदाराला काम सोपवल्यानंतरच्या) कारभारात अधिक आहे. विदर्भाला याची आठवण करून देण्याची गरज नसावी. १९८३ मध्ये ३७२ कोटी रुपयांचा अंदाज असलेला गोसीखुर्द प्रकल्प पुढे १८ हजार कोटींच्या वर गेला. त्यात भूसंपादन, पुनर्वसन आणि विलंब यांचा वाटा मोठा आहे, हे खरेच. पण सुधारित मान्यता ज्या सहजतेने मिळत गेल्या, त्यांना निविदेतील कोणत्याही भारांकाने अटकाव झाला नसता.

धरमपेठकर

बांगलादेशात दराला कुंपण घातले होते. मी गुणवत्तेला भारांक मागतो आहे, तेव्हा हे दोन उपाय एकच समजू नयेत. शिवाय कार्यादेशानंतरचा कारभार सुधारावा हे म्हणणे सोपे आहे, पण एका शाखा अभियंत्याकडे किती कामे असतात हे आपण जाणता. देखरेख अपुरी असतानाच निवड काटेकोर असावी लागते.

औषधनिर्माती, मेडिकल चौक

दोघांनाही एक विनंती, कामांबरोबर औषधांचाही विचार व्हावा, कारण तेथे सर्वांत कमी दराचा नियम ठेवूनही खरेदी सुधारल्याचा पुरावा आपल्याच देशात आहे. तामिळनाडूने १९९४ मध्ये वैद्यकीय सेवा महामंडळ स्थापन केले. निविदा दोन लिफाफ्यांचीच आणि निकाल दरावरच. मात्र पुरवठा झालेल्या प्रत्येक बॅचचा नमुना उत्पादकाचे नाव झाकून, केवळ सांकेतिक क्रमांकाने, बाहेरच्या प्रयोगशाळेकडे जातो. अहवाल चांगला आला तरच देयक मंजूर होते. प्रत्येक रुग्णालयाला औषधांसाठी पासबुक असते, त्यामुळे गोदामात काय शिल्लक आहे आणि आपल्या वाट्याचे किती उचलले, हे अधिष्ठात्यांपासून भांडारपालापर्यंत सर्वांना कळते. राजस्थानने २०११ मध्ये याच धर्तीवर महामंडळ उभे केले.

आपल्याकडे २०१७ पासून ही खरेदी हाफकिन या शासकीय महामंडळाकडे होती. पुढे २०२३ मध्ये कायद्याने वैद्यकीय वस्तू खरेदी प्राधिकरण स्थापन झाले आणि त्याच वर्षी ऑक्टोबरच्या आरंभी नांदेडच्या शासकीय रुग्णालयात चोवीस तासांत २४ मृत्यू झाल्याच्या बातमीने औषधखरेदीचा प्रश्न घराघरांत पोहोचला. ज्या वॉर्डात औषध संपलेले असते तेथे नातेवाईक चिठ्ठी घेऊन बाहेरच्या दुकानात येतात, आणि त्या दुकानाच्या काउंटरमागे मी उभी असते. कोणाची निविदा स्वस्त होती याच्याशी त्यांना काही देणेघेणे नसते. त्यांना औषध त्या दिवशी, त्या खाटेपाशी हवे असते.

धरमपेठकर

ताई, आपला मुद्दा मोलाचा आहे, पण गोळीची बॅच परत पाठवता येते. स्लॅब परत पाठवता येत नाही. काँक्रीट ओतल्यानंतर आतले गज झाकले जातात आणि दोष पाच वर्षांनी दिसतो, तोवर दोषदायित्वाचा कालावधी (ज्यात कंत्राटदाराने स्वखर्चाने दोष दुरुस्त करायचे असतात) बहुधा संपलेला असतो. म्हणूनच मी आरंभी "कामांपुरता" असे लिहिले.

हिंगणा एमआयडीसीतील पुरवठादार

बिलो दराविषयी इतके लिहिले गेले, पण चांगले लोक निविदा भरतच नाहीत याचे कारण कोणीच विचारले नाही. कारण देयक वेळेवर मिळत नाही. मी सरकारी कार्यालयांना लोखंडी फर्निचर पुरवत असे. एका कार्यालयाने माल स्वीकारला, पोच दिली आणि त्यानंतर "निधी उपलब्ध नाही" हे उत्तर मला दोन मार्चअखेर ऐकावे लागले. सूक्ष्म, लघु आणि मध्यम उद्योगांच्या २००६ च्या कायद्यानुसार ४५ दिवसांत पैसे द्यायचे असतात आणि उशीर झाल्यास रिझर्व्ह बँकेच्या बँकदराच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज लागते. हे व्याज मागणाऱ्याला पुढची ऑर्डर कोण देईल, या भीतीने बहुतेक जण मागत नाहीत. ज्याला दीड वर्ष पैसे अडकवून ठेवता येतात तोच टिकतो, आणि तो अडकलेल्या पैशाचे व्याज पुढच्या दरात किंवा मालाच्या पत्र्यात वसूल करतो. गुणांकन आणा अथवा आणू नका, निधीची तरतूद झाल्याशिवाय निविदा काढायची नाही एवढा एक नियम पाळला गेला, तर मी उद्यापासून पुन्हा निविदा भरीन.

निवृत्त लेखाधिकारी

पुरवठादार महोदयांनी जे लिहिले ते या धाग्यातील सर्वांत महत्त्वाचे आहे, असे मला वाटते. तरतुदीशिवाय कार्यादेश देऊ नये, हा नियम आपल्या वित्तीय शिस्तीत पूर्वीपासून आहे. तो मोडणाऱ्या अधिकाऱ्याला मात्र काहीच होत नाही, कारण तो पाळण्याची मागणी न्यायालयात करता येईल असा खरेदीचा कायदाच आपल्या राज्यात नाही. तामिळनाडूने १९९८ मध्ये, कर्नाटकाने १९९९ मध्ये आणि राजस्थानने २०१२ मध्ये असे कायदे केले. केंद्राचे सार्वजनिक खरेदी विधेयक २०१२ मध्ये लोकसभेत मांडले गेले आणि २०१४ मध्ये लोकसभा विसर्जित होताच रद्द झाले. महाराष्ट्रात सारा कारभार शासन निर्णयांवर आणि २०१६ च्या खरेदी नियमपुस्तिकेवर चालतो. शासन निर्णय दुसऱ्या शासन निर्णयाने बदलता येतो, त्याला विधिमंडळात जावे लागत नाही.

धरमपेठकर साहेब, कायदा करून त्यात प्रत्येक निविदाकाराचे गुण, गुण देणाऱ्या समितीची कारणे, नंतरच्या जादा बाबी आणि प्रत्येक देयकाची तारीख संकेतस्थळावर टाकणे बंधनकारक झाले, तर आपल्या ३० टक्क्यांना माझा विरोध राहणार नाही. त्याआधी मात्र राहील.

धरमपेठकर

गुण आणि कारणे जाहीर करण्याची अट मला पूर्णपणे मान्य आहे, आणि जादा बाबींचीही. परंतु कायदा होईपर्यंत थांबावे हे मला पटत नाही, कारण या पावसाळ्याआधी निघणाऱ्या रस्त्यांच्या निविदा कायद्याची वाट पाहणार नाहीत. महानगरपालिकेने एक-दोन मोठ्या पुलांच्या कामांत गुणांकन करावे आणि समितीची कारणे त्याच दिवशी प्रसिद्ध करावीत. त्यासाठी विधिमंडळाची नव्हे, आयुक्तांच्या प्रस्तावाची आणि स्थायी समितीच्या ठरावाची गरज आहे. आपण लेखापरीक्षणाच्या दृष्टीने गुणपत्रकाचा नमुना तयार करून येथे द्यावा. अभियांत्रिकी निकषांचा तक्ता मी देतो.

निवृत्त लेखाधिकारी

नमुना देतो. त्यात "सादरीकरण" हा निकष नसेल. पूर्ण झालेल्या कामांची मोजमाप पुस्तिका (प्रत्यक्ष झालेल्या कामाच्या मापांची नोंदवही) आणि दोषदायित्वाच्या काळात केलेली दुरुस्ती, या कागदांवरून पडताळता येतील तेवढेच निकष असतील.