परग्रहावरचं कुटुंब शेजारी राहायला आलं तर? 'रेडी जेट गो!' पाहणाऱ्या घरांचे अनुभव

कार्टूनमधला परग्रहवासी बहुतेक वेळा पृथ्वी जिंकायला येतो. 'रेडी जेट गो!'मधला जेट प्रोपल्शन मात्र आई सेलेरी आणि बाबा कॅरट यांच्यासोबत पृथ्वीवर राहायला आलाय. मूळचा बोर्ट्रॉन ७ ग्रहाचा. क्रेग बार्टलेट यांची ही मालिका अमेरिकेत पीबीएस किड्स या मुलांच्या वाहिनीवर २०१६ मध्ये सुरू झाली. त्यात एमी माइनझर या खऱ्याखुऱ्या खगोलशास्त्रज्ञ मुलांशी बोलतात, हे मला फार आवडतं. ही किंवा अशी मालिका बघून तुमच्या घरात काय बदललं? नुसतं 'छान आहे' नको, घडलेलं लिहा.

एक आई :
लेकीला रात्री खिडकीची भीती वाटायची. बाहेरून कोणीतरी उचलून नेईल, असं मनात बसलेलं. जेटची ओळख झाल्यावर काही दिवसांनी म्हणाली, "पडदा उघडा ठेव. तो आला तर त्याला कळायला हवं ना, आपण इथे राहतो ते!" भीती एका रात्रीत गेली नाही, पण त्या काळोखात आता कोणीतरी ओळखीचं होतं. पुढे प्रश्नांचा सपाटा सुरू झाला. चंद्रावर वारा नाही हे कळल्यावर तिनं स्वतःच विचारलं, "मग अंतराळवीरांची पावलं अजून तिथेच असतील?" आहेत, असं सांगितल्यावर ती बराच वेळ चंद्राकडे बघत बसली होती.

हौशी आकाशनिरीक्षक :
माझी एक तक्रार आहे. जेटच्या घरच्यांची उडती तबकडी चुटकीसरशी कुठल्याही ग्रहावर पोचते आणि अंतराचा अंदाजच मुलांच्या मनातून पुसला जातो. १९७७ मध्ये निघालेलं व्हॉयेजर २ हे अंतराळयान नेपच्यूनपाशी पोचलं १९८९ मध्ये! मी भाच्याला हे सांगितलं, तर तो थक्क होऊन म्हणाला, "म्हणजे निघताना माझ्याएवढा असलेला मुलगा पोचेपर्यंत मोठा झाला असेल." मालिका जरूर दाखवा, पण नंतर हे बोलाच.

शिक्षिका :
आमच्या वर्गात वेगळी भाषा बोलणारा मुलगा नव्यानं आला. पहिल्याच आठवड्यात कोणीतरी म्हणालं, "हा जेटसारखा आहे." माझ्या पोटात गोळाच आला, आता चिडवणार. पण मुलांच्या लेखी जेट म्हणजे ज्याला सगळं समजावून सांगावं लागतं आणि ज्याच्याकडे भारी गोष्टी असतात असा मित्र. डबा, घंटा, रांग, सगळं त्याला दाखवायला चढाओढ लागली, आणि त्याच्या भाषेतले आकडे शिकायलाही. तरीही माणसाला परग्रहवासी म्हणणं मला पटत नाही. ते मी मुलांना सांगितलं, आणि त्यांना पटलंसुद्धा. माझ्या मते या मालिकेची खरी ताकद इथे आहे : प्रश्न विचारणारा पाहुणा आणि उत्तरं देणारी मुलं.

आजी :
नातवाला शुक्र आवडतो. स्वतःभोवती एक फेरी २४३ दिवसांत, सूर्याभोवती २२५ दिवसांत. "म्हणजे एक गिरकी पूर्ण व्हायच्या आत वाढदिवस!" हे तो येईल त्या प्रत्येकाला ऐकवतो. परग्रहवासी खरंच आहेत का, असंही विचारलं त्यानं. अजून कोणी सापडलेलं नाही, पण सूर्यमालेबाहेर पाच हजारांहून जास्त ग्रह सापडलेत, असं मी सांगितलं. त्यावर त्याचा प्रश्न : "त्यातले किती तपासून झाले?"

एक बाबा :
आमचा अजून खूप लहान आहे. गाणी लागली की नाचतो, ग्रहांचं बोलणं सुरू झालं की उठून जातो. तुमची मुलं साधारण कोणत्या वयात यात रमली?